बोला, केम

आम्ही या इमारतीत राहायला आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी जिन्यात एका उंच, किंचित वाकलेल्या गृहस्थांनी मला अडवलं आणि विचारलं, "होटगी, तुमच्याकडं पाणी आलं का?"

मी मागं वळून पाहिलं. जिन्यात दुसरं कुणी नव्हतं.

"मी होटगीची नाही," मी म्हटलं. "माझं माहेर इथलंच, भवानी पेठेतलं. तिथं माझे वडील..."

"थोडक्यात," ते म्हणाले. "पाणी आलं का?"

पाणी आलं नव्हतं. तसं सांगून मी वर गेले आणि यजमानांना म्हटलं, शेजारी एक विक्षिप्त म्हातारा राहतो आणि हे घर घेण्यात आपण फसलो. पहिली गोष्ट खरी निघाली. दुसरीबद्दल माझं अजून ठरत नाही.

ते गृहस्थ म्हणजे मुरलीधर लोंढे, रेल्वेचे निवृत्त सेक्शन कंट्रोलर. गाडी चालवणारा लोकांना दिसतो, झेंडी दाखवणारा दिसतो. कंट्रोलर कुणालाच दिसत नाही. तो एका बंद खोलीत कानाला फोन लावून बसतो आणि लाइनीवरच्या एकेका स्टेशनला विचारत राहतो, कुठली गाडी आली, कुठली गेली, कुणाला बाजूला उभं करायचं, कुणाला सोडायचं. त्या फोनवर स्टेशनमास्तरला स्वतःचं नाव नसतं. मोहोळचा मास्तर बोलला की तो मोहोळ, माढ्याचा बोलला की माढा. "बोला, मोहोळ." "थांबा, माढा." "थोडक्यात, कुर्डूवाडी, थोडक्यात!" लोंढेकाकांची अख्खी नोकरी या तीन वाक्यांत गेली. पुढं पेन्शन सुरू झालं, पण फोन काही कानावरून उतरला नाही.

इमारतीतल्या प्रत्येकाला त्यांनी स्टेशन वाटून दिलं होतं. तळमजल्यावरच्या गड्डमबाई सदा तळणात, म्हणून त्या पाकणी, कारण पाकणीला तेलाचा डेपो. वरच्या मजल्यावरचे वकील दुधनी. दुधनीच्या पुढं महाराष्ट्र संपतो आणि वकिलांच्या पुढं कुणाचं काही चालत नाही. माझे यजमान विजेच्या मोटारी वाइंडिंग करतात आणि दिवसभरात चार शब्द बोलले तर फार. ते टिकेकरवाडी. "गाडी जाते, थांबत नाही," असा काकांचा खुलासा.

"आणि मी होटगी का?" मी एकदा विचारलं.

"होटगीला फाटा फुटतो की. एक लाइन वाडीकडं, एक विजापूरकडं. तुमच्याकडं बातमी आली की दोन्हीकडं जाते."

मी आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाही. शाळेत मात्र ही गोष्ट मी स्टाफरूममध्येही सांगितली आणि घरी दोन्ही नणंदांनाही, त्यामुळं तक्रारीला फारशी जागा उरली नाही.

पाणी यायच्या दिवशी काका जिन्याच्या वळणावर उभे राहून वाहतूक सांभाळत. दोन माणसं समोरासमोर घागरी घेऊन आली की एकाला कोपऱ्यात उभं करायचं आणि दुसऱ्याला आधी सोडायचं. "दुधनी, जरा लूपला थांबा. पाकणी पास होऊ द्या." वकील चरफडत कोपऱ्यात उभे राहत. एका वर्षी सत्यनारायणाला त्यांनी गुरुजींनाही "थोडक्यात" म्हटलं. गुरुजी दुखावले आणि कथा नेहमीपेक्षा जास्त लांबली. गड्डमबाईंचे वडील वारले तेव्हा भेटायला आलेले काका त्यांच्यासमोर पाच मिनिटं गप्प बसले, बाई वडिलांच्या आजारपणाचं सांगू लागताच त्यांच्या तोंडून सवयीनं तो शब्द गेला, आणि बाईंनी रडणं थांबवून त्यांना तेलुगूत काहीतरी सुनावलं. काका म्हणाले, "बरोबर आहे." त्यांना तेलुगू येत नव्हतं.

त्यांच्या पत्नी सुमनकाकू. त्यांचं स्टेशन ठरवावं लागलं नाही, कारण त्या केमच्याच. केमचं कुंकू सगळीकडं जातं, आणि काकूंच्या कपाळावर ते रुपयाएवढं असे. काका त्यांना लग्नापासून केमच म्हणत. काकू बोलक्या होत्या. भाकरी वाढता वाढता त्या सुरू करत, "अहो, आज बाजारात ती आपली..." आणि समोरून येई, "केम, थोडक्यात." मग काकू थोडक्यात सांगत आणि उरलेलं मागच्या गॅलरीत येऊन मला सांगत. बाजारात भेटलेली बाई, तिची सून, सुनेचं माहेर, माहेरची म्हैस. मला पेपर तपासायचे असत आणि काकूंचं म्हशीपर्यंतही आलेलं नसे. पण मी ऐकत बसे. त्यांच्याइतकं रंगवून सांगणारं माणूस मी अजून पाहिलेलं नाही.

एका सकाळी चहाचा कप हातात असतानाच काकू एका बाजूला कलल्या. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली.

दवाखान्यातून त्या घरी आल्या त्या खाटेवरच. समजायचं सगळं. डोळे तेवढे बोलायचे, पण डोळ्यांचं ऐकायला समोर बसावं लागतं, आणि काकांनी उभा जन्म फोनवर ऐकलेलं. त्यांनी काकूंचं सगळं केलं, हे सांगितलं पाहिजे. अंग पुसणं, भरवणं, कूस बदलणं, कपाळाला कुंकू लावणं. कुंकू नेहमी थोडं तिरकं लागायचं. पण हे सगळं करून ते बाहेरच्या खोलीत आपल्या खुर्चीत येऊन बसत, आणि मधल्या भिंतीच्या पलीकडं काकू छताकडं बघत पडून राहत. त्या घरातून आवाज येईनासा झाला. आमची भिंत त्यांना लागून आहे, म्हणून मला ते जास्त जाणवायचं.

काकांनी काकूंच्या डाव्या हाताशी पितळी घंटी ठेवली. काकूंनी ती ढकलून खाली पाडली. पुन्हा ठेवली, पुन्हा पाडली. मला वाटतं घंटी वाजवून नवऱ्याला बोलवायचं हेच त्यांना पटत नव्हतं.

"होटगी, केम बोलत नाही," एके दिवशी ते मला म्हणाले.

"काका, त्यांची वाचा गेलीय."

"तसं नव्हे. एखादं स्टेशन बोलेनासं झालं तर कंट्रोल काय करतं, माहीत आहे? माणूस पाठवतं. फोन बिघडलेला असतो, मास्तर नाही."

त्यानंतर त्यांच्याकडं पार्सलं येऊ लागली. लहान रूळ, वीतभर लांबीची दोन इंजिनं, पुठ्ठ्याच्या खोक्यात कापसात बसवलेली. मग सुतार आला. त्यानं बाहेरच्या खोलीत काकांच्या खुर्चीपासून भिंतीच्या कडेनं कमरेच्या उंचीवर एक लांब फळी ठोकली. मग ड्रिल आलं. दोन दिवस आमच्या फडताळातली भांडी थरथरत होती. मधल्या भिंतीला आरपार भोक पाडलं, फळी त्यातून पलीकडं काकूंच्या खाटेशी गेली, आणि फळीवरून रूळ गेले. इंजिनाला वळवून आणता यावं म्हणून दोन्ही टोकांना गोल वळण. खाटेजवळ आणखी एक जास्तीचा रूळ, गाडी बाजूला उभी करायला. लूप.

इमारतीत जे बोललं जायचं ते बोललं गेलं. बायको अंथरुणाला खिळलीय आणि हा माणूस आगगाडी खेळतोय. वकील तर म्हणाले की भिंत सामाईक आहे का ते तपासायला हवं. ती नव्हती.

मी स्वतः आत जाऊन विचारलं. काका भिंगातून इंजिनाचं पोट बघत होते. त्यांना डीकोडर बसवायचा होता, आणि कुठला ते ठरत नव्हतं. त्यांनी मला समजावलं, आणि मी गणिताची शिक्षिका असल्यामुळं मला समजलं. साध्या खेळण्यातल्या गाडीला रुळातून करंट सोडला की ती पळते, बंद केला की थांबते. थांबली की तिचा दिवाही जातो आणि आवाजही. एका रुळावर दोन इंजिनं ठेवली की दोन्ही बरोबरच पळत सुटतात. डीकोडर म्हणजे नखाहून थोडी मोठी एक पट्टी, इंजिनाच्या पोटात बसवायची. मग रुळात करंट कायम राहतो, आणि प्रत्येक इंजिनाला आपला वेगळा पत्ता मिळतो. ज्याच्या पत्त्यावर हुकूम जाईल तेच ऐकतं, बाकीची गप्प उभी राहतात.

"पण काका, चालवणार तुम्ही एकटेच. एक गाडी साध्या करंटवर चालते ना? मग डीकोडर कशाला?"

"दोघं चालवणार. काळं माझं, दुसरं केमचं. तिच्या डाव्या हातात तिचा कंट्रोलर. तिनं बटण दाबलं की तिचं इंजिन हॉर्न देणार." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "उभ्या गाडीलाही बोलता आलं पाहिजे की, होटगी."

मी बाहेर येऊन ही बातमी वाडीकडंही पाठवली नाही आणि विजापूरकडंही नाही.

डीकोडरची निवड महिनाभर चालली. एक इतका मोठा की इंजिनाचं झाकण बसेना. एक इतका लहान की त्याला आवाजच नव्हता, नुसता दिवा. आवाजाचा घ्यायचा तर शेजारी स्पीकरला जागा हवी. काका रोज रात्रीच्या जेवणाआधी इंजिन आणि डीकोडरच्या मापाचा काडेपेटीचा तुकडा घेऊन आमच्या दारात उभे राहायचे.

"टिकेकरवाडी, एवढा बसेल?"

"बसेल," आमचे हे म्हणायचे.

"तुमच्या घरात हा एकच माणूस थोडक्यात बोलतो," असं मला ऐकवून काका परत जायचे.

मग हॉर्न. कुठल्या डीकोडरचा हॉर्न कसा वाजतो हे मोबाइलवर ऐकायला मिळायचं, आणि काका ते काकूंच्या उशाशी बसून लावायचे. परदेशी इंजिनांचे हॉर्न. एक वाजला तेव्हा गड्डमबाई खालून ओरडून विचारत्या झाल्या की म्हैस कुणी आणली. काकू प्रत्येक हॉर्नला तोंड वाकडं करत. अर्धं तोंड आधीच वाकडं होतं, त्यामुळं नापसंती ओळखायला काकांना फार निरखून बघावं लागे, आणि निरखून बघता बघता ते खाटेशी तासन्‌तास बसू लागले. शेवटी एका घोगऱ्या, दमलेल्या हॉर्नला काकूंचा डावा अंगठा वर झाला. मला तो मुळीच आवडला नाही. सर्दी झालेल्या माणसानं खाकरावं तसा होता. पण अंगठा वर झाला होता.

काकूंच्या इंजिनाचा रंगही काकांनी बदलला. मूळचा निळा होता. ते काकूंचा कुंकवाचा करंडा घेऊन रंगाच्या दुकानात गेले आणि असाच पाहिजे म्हणून बसले. दुकानदारानं तीनदा रंग कालवला.

एवढ्यात केमहून काकूंचे धाकटे भाऊ अंकुशराव आले. शेतकरी माणूस, घरी शेरडंमेंढरं, खांद्यावर शेंगांची पिशवी. बहिणीपाशी बसले, तिचा हात हातात घेतला, मग फळीकडं बघितलं, भोकाकडं बघितलं.

"दाजी, आक्का हितं पडून हाय आन् तुमी आगगाडी खेळताय व्हय?"

"अंकुश, थोडक्यात."

"थोडक्यातच सांगतो की. आक्काला मी घिऊन जातो केमला. तितं माजी बायकू हाय, सुना हायत. बोलाय-चालाय मानसं हायत. हितं कोन हाय तिला? तुमी भितीला भोकं पाडत बसलाय."

मी तिथंच होते, पण आपण नसतो तर बरं झालं असतं असं वाटलं.

"पुढच्या रविवारी ये," काका म्हणाले. "जायचं का नाही, ते ती सांगेल."

"आक्का सांगंल? कशी सांगंल?"

"रविवारी ये."

डीकोडर आदल्या दिवशी बसवला. सोल्डरिंगचा डाग द्यायला आमचे हे. चाकांकडून येणाऱ्या दोन तारा, मोटारीकडं जाणाऱ्या दोन, दिव्याच्या, स्पीकरच्या, सगळ्या केसाएवढ्या. यांनी मोटार हातात घेतली, फिरवून बघितली आणि म्हणाले, "काका, मोटारीचं हे टोक इंजिनाच्या बॉडीला लागलंय. ते आधी..."

"थोडक्यात, टिकेकरवाडी. ते तसंच राहू द्या. परतीचा करंट बॉडीतनंच जातो. बॉडीतनं चाकात, चाकातनं रुळात. सगळ्या रेल्वेत तसाच जातो. ते रेल्वेला शिकवू नका."

आमचे हे कुणासाठी थांबत नाहीत. त्यांनी सांगितलं तसा डाग दिला.

रविवारी अंकुशराव जीप घेऊन आले. जीपच्या मागं गादी अंथरलेली होती. काकांनी काकूंना उशांना टेकवून बसवलं, कुंकू लावलं, कंट्रोलर डाव्या हातात दिला आणि त्यांचा अंगठा बटणावर ठेवला. लाल इंजिन खाटेपाशी लूपमध्ये उभं होतं. "केम, अंकुश विचारतोय त्याच्याबरोबर येतेस का. एक लांब हॉर्न म्हणजे हो, दोन आखूड म्हणजे नाही." मग त्यांनी करंट सुरू केला.

हॉर्न वाजला नाही. इंजिनाच्या झाकणातून अगरबत्तीएवढा बारीक धूर निघाला आणि खोलीत जळकट वास पसरला.

"इंजान पेटलं की दाजी," अंकुशराव म्हणाले. ते हसले नाहीत, हे मी त्यांच्या बाजूनं सांगते.

काकूंचा अंगठा बटणावर होता. त्या दाबत होत्या. पुन्हा पुन्हा दाबत होत्या. काकांनी तो हात हळूच बाजूला केला तेव्हा काकूंच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं, आणि मी उठून गॅलरीत गेले.

अंकुशराव त्या दिवशी रिकामी जीप घेऊन परत गेले. जाताना म्हणाले, "म्हयन्यानं येतो. तवर सुदरलं तर सुदरलं. न्हायतर आक्का माज्यासंगं. ती काय सामान हाय व्हय, कोपऱ्यात ठिवायला?" त्यांचं काही चुकलं नव्हतं.

संध्याकाळी काका आमच्या दारात उभे होते. हातात काही नव्हतं.

"टिकेकरवाडी, काल तुम्ही काहीतरी सांगत होता. पूर्ण सांगा."

यांनी माझ्याकडं बघितलं, मी यांच्याकडं. मग हे बोलू लागले. खऱ्या इंजिनात परतीचा करंट बॉडीतून रुळात जात असेल, पण इथं मोटारीचा करंट डीकोडरमधून येतो आणि त्यानं डीकोडरमध्येच परत जायचं असतं. मध्येच बॉडीला लागला तर रुळातला करंट उलटा डीकोडरमध्ये घुसतो आणि तो जळतो. मोटार बॉडीपासून पूर्ण वेगळी करायची, खाली कागदी टेप घालायची, मग डाग. हे चहा थंड होईपर्यंत बोलत होते. लग्नाला एवढी वर्षं झाली, मी त्यांच्या तोंडून सलग एवढं ऐकलं नव्हतं. काकांनीही एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. शेवटी ते म्हणाले, "रेल्वेतला माणूस होतो म्हणून चुकलो. दुसरा कुणी चुकला नसता." आणि उठताना, माझ्याकडं न बघता, "केमपण किती वेळा पूर्ण सांगायला बघत होती."

दुसरा डीकोडर आला, आणि काळ्या इंजिनासाठीही तसाच एक. मोटार वेगळी केली, टेप घातली, डाग दिला. या वेळी धूर झाला नाही. काकूंनी बटण दाबलं आणि लाल इंजिनानं हॉर्न दिला. त्याच वेळी भिंतीपलीकडं काळ्या इंजिनानंही दिला. काकूंनी चकती फिरवली तशी दोन्ही इंजिनं निघाली, समोरासमोर, आणि भोकात जाऊन एकमेकांवर आदळली. कारखान्यातून येणाऱ्या प्रत्येक डीकोडरचा पत्ता एकच असतो, तीन. तो बदलायचा असतो. हे काका विसरले होते.

"एका पत्त्यावर दोघं राहिले की असंच व्हायचं," मी म्हटलं. काकूंचा अर्धा चेहरा हसला. त्या आजारी पडल्यापासूनचं ते पहिलं हसू, आणि ते माझ्या वाक्याला मिळालं याचा मला अजून अभिमान आहे.

लाल इंजिनाला काकांनी नवा पत्ता दिला. लग्नानंतर दोघं ज्या रेल्वे क्वार्टरमध्ये राहायला गेले तिचा नंबर.

अंकुशराव पुन्हा जीप घेऊन आले. पुन्हा गादी अंथरलेली. काकांनी तोच प्रश्न विचारला. काकूंनी भावाकडं बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि मग त्या घोगऱ्या हॉर्ननं दोन आखूड आवाज दिले. काकूंना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी पुन्हा दाबलं, आणि मग दाबतच राहिल्या. लांब, आखूड, लांब, कशाचा कशाला मेळ नव्हता. तळमजल्यावरून गड्डमबाई धावत वर आल्या.

"आक्का भांडायलीय की वो!" अंकुशराव धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत म्हणाले. "आज पातूर कदी येवडं बोलली न्हाय दाजींस्नी."

त्यानंतर काही महिने आमच्या भिंतीपलीकडं पुन्हा आवाज होता. काकूंचं लाल इंजिन भोकातून बाहेरच्या खोलीत जायचं, काकांच्या खुर्चीशी थांबायचं, हॉर्न द्यायचं. मग काकांचा आवाज, "बोला, केम." तहान लागली का, कूस बदलायची का, पंखा वाढवू का, असे प्रश्न आणि हॉर्नची उत्तरं. कधी काकूंना काहीच नको असायचं, नुसतंच वाजवायचं असायचं. मग काका सवयीनं म्हणायचे, "केम, थोडक्यात," आणि पलीकडून एक लांबलचक संतापलेला हॉर्न यायचा. मी पेपर तपासता तपासता हसायचे.

थंडी सरता सरता काकू गेल्या. दुपारच्या झोपेत, कंट्रोलर हाताशी.

लोक भेटायला आले. काका सगळ्यांचं पूर्ण ऐकून घेत होते, तेच मला बरं वाटेना. दिवस झाल्यावर अंकुशराव म्हणाले, "दाजी, आता तुमीच चला केमला." काकांनी मानेनंच नाही म्हटलं.

मग एके दिवशी पाणी आलं तेव्हा ते जिन्यात भेटले. वळणावर दोघं घागरी घेऊन एकमेकांना अडले होते आणि काका भिंतीला टेकून नुसते उभे होते. मला म्हणाले, "बाई, आज पाणी लवकर आलं."

बाई. इतकी वर्षं ज्या नावावर मी चिडत होते, ते नाव गेलं तर इमारतीतून आणखी कुणीतरी गेल्यासारखं वाटलं. वकिलांनाही त्यांनी वकीलसाहेब म्हटलं. वकील घरी जाऊन म्हणे जेवले नाहीत.

असे किती दिवस गेले मी मोजले नाहीत. उन्हाळा लागला होता, रस्त्यावर दुपारी चिटपाखरू नसायचं. अशाच एका दुपारी दार वाजलं.

"होटगी," काका म्हणाले, "जरा येता का? एक काम आहे."

मी पदराला हात पुसत तशीच गेले. काकूंची खाट होती तशीच होती, गादीवर धुतलेली चादर. लाल इंजिन लूपमध्ये उभं होतं, दिवा लावलेला. त्याच्यावर धूळ नव्हती. काकांनी मला खाटेशेजारच्या स्टुलावर बसवलं आणि काकूंचा कंट्रोलर माझ्या हातात दिला.

"हे बटण दाबायचं. मी बाहेर खुर्चीत बसतो."

"तुम्हीच दाबा ना, काका."

"दाबून बघितलं." ते जरा थांबले. "आपणच दाबायचं आणि आपणच उत्तर द्यायचं, ते काही बरं वाटत नाही."

ते बाहेर गेले. खुर्ची कुरकुरल्याचा आवाज आला. मी कंट्रोलर डाव्या हातात घेतला, का ते मला माहीत नाही, आणि अंगठ्यानं बटण दाबलं. तो घोगरा, सर्दी झालेला हॉर्न त्या रिकाम्या खोलीत वाजला.

भिंतीतल्या भोकातून काका दिसत नव्हते. आवाज तेवढा आला.

"बोला, केम."

मी पुढच्या शब्दाची वाट बघत होते, तो शब्द मला पाठ होता. तो आला नाही.

"सावकाश बोला," काका म्हणाले. "लाइन मोकळी आहे."

मी बटण पुन्हा दाबलं आणि या वेळी बराच वेळ दाबून धरलं.